नानांची जीप, कंपनीची जीप

जुनी जीप विकायची आहे अशी नुसती कुणकुण लागली तरी माणसं येतात, आणि येणारा प्रत्येक जण एकच शब्द बोलतो. ओरिजिनल. बॉडी ओरिजिनल आहे का, रंग ओरिजिनल आहे का, इंजिन ओरिजिनल आहे का. आमच्या खळ्यात पत्र्याच्या शेडखाली जी जीप उभी आहे तिच्याबद्दल मला हे गेल्या तीन वर्षांत दहा-बारा जणांनी विचारलं असेल. उत्तर सोपं आहे. नाही. चेसिस कंपनीची, गिअरबॉक्स कंपनीचा, पुढची जाळी कंपनीची. इंजिन ट्रॅक्टरचं. रेडिएटर कुठल्यातरी मेटॅडोरचा. डावा मडगार्ड मालेगावात पत्र्याच्या कोठ्या बनवणाऱ्यानं ठोकून दिलेला. मागची दोन बाकडी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वेल्डिंग करून बसवलेली. एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चेहरा उतरतो आणि मंग तो भाव पाडायला लागतो.

पण ओरिजिनल म्हणजे कोणासारखं? हा प्रश्न मी या लोकांना उलट विचारला तर ते हसतात. शेतकरी माणूस, दहावी शिकलेला, याला काय कळतंय गाड्यांचं, असं ते हसू असतं. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

जीप ही जातच मुळात बदलत आलेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेसाठी ती निघाली, विलिज कंपनीची. आपल्याकडं 1947 साली मुंबईत महिंद्रांनी तिचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. ती कंपनी 1945 साली निघाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड महंमद होतं. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. म्हणजे जीपवर नाव घालणारी कंपनीच नाव बदललेली, पण तिनं ते दिवसाउजेडी बदललं.

आमची आहे ती सीजे थ्री बी. ती विलिजनं 1953 साली अमेरिकेत काढली. जाणकाराला ती लांबूनच ओळखू येते, कारण आधीच्या जीपपेक्षा हिचं बोनट उंच. ते का उंच, तर आत हरिकेन नावाचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घातलं, ते जुन्या इंजिनापेक्षा उंच होतं आणि जुन्या बोनटखाली मावत नव्हतं. इंजिनासाठी अंग बदललं. लोक आज ज्या उंच नाकाला ओरिजिनल म्हणून भाव देतात ते नाक म्हणजे कंपनीनं केलेली तडजोड आहे! अमेरिकेत ही गाडी 1968 साली बंद झाली. आपल्याकडं मात्र तीच चेहरेपट्टी पुढं कितीतरी वर्षं निघत राहिली आणि पोटातली इंजिनं बदलत गेली. पेट्रोल जाऊन डिझेल आलं. त्या डिझेलांतलं एक तर इंटरनॅशनल बी-275 ट्रॅक्टरच्या इंजिनाचंच भावंड. 1963 साली महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची ट्रॅक्टरची भागीदारी झाली होती, त्यातून ते घरात आलेलं. ज्या इंजिनानं आमच्या बांधावर नांगर ओढला त्याच घराण्याचं इंजिन कंपनीनं जीपमध्ये घातलं.

आता नानांनी काय केलं ते सांगतो. एका सरकारी खात्याच्या लिलावात ही जीप त्यांनी ऐंशी सालाच्या आसपास घेतली. गावात तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती. आमचं गाव मोसम नदीच्या काठाला. मालेगावला जायचं तर मधे एक नाला आणि पुढं फरशी, पावसाळ्यात दोन्हीवरून पाणी. एसटी आली तर आली. जीप मात्र चारही चाकांवर ओढायची. गिअरच्या बाजूला दोन छोटे दांडे असतात. एक पुढच्या चाकांना ताकद देतो, दुसरा हळू गिअरात टाकतो. ते टाकले की ती चिखलातून म्हशीसारखी, घाई न करता, वर येणार. पण पेट्रोल पीत होती. लिटरला सात-आठ किलोमीटर. नाना म्हणायचे, हिला पाजण्यापेक्षा दोन गाया पाजल्या तर दूध तरी येईल.

दोन-तीन वर्षांनी त्यांनी तिचं हरिकेन इंजिन उतरवलं आणि एका मोडीत निघालेल्या बी-275 चं इंजिन आणलं. हे काम मालेगावच्या उस्तादनी केलं. मालेगावला लेथ, फाउंड्री, वेल्डिंग यांची कमी नाही, कारण यंत्रमाग. माग म्हणजे सतत मोडणारी आणि सतत दुरुस्त होणारी वस्तू. तिथला कारागीर नवीन सुटा भाग मागवण्याआधी जुन्यातून काही निघतं का ते बघतो. उस्तादनी जीपचा गिअरबॉक्स आणि ट्रॅक्टरचं इंजिन यांच्या मधे एक जाड लोखंडी प्लेट लेथवर कापून बसवली, कारण दोघांची भोकं जुळत नव्हती. इंजिनाचे पाय नवे केले. डिझेलची धडधड जास्त, त्यामुळं चेसिसला जिथं पाय बसतात तिथं पट्ट्या लावल्या. इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानींत एकेक पाटा वाढवला. कॉइल, डिस्ट्रिब्युटर, प्लग सगळं गेलं. नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीत परत यावं म्हणून दुसरी नळी टाकली. हे सगळं मी तेव्हा पाने देत, कंदील धरत बघितलंय. ट्रॅक्टरचं इंजिन कमी फेऱ्यांत दम लावणारं, त्यामुळं नंतर ती जीप कधी पळाली नाही. चाळीस-पंचेचाळीसवर गेली की सगळी भांडी वाजायची. पण लिटरला चौदा-पंधरा द्यायला लागली आणि ट्रॅक्टरच्याच टिपातलं डिझेल तिला चालायला लागलं.

आणि मंग नाना एसटीनं नाशिकला गेले. एकदा नाही, चार वेळा. इंजिन बदललं याचा अर्ज, ट्रॅक्टरच्या इंजिनाची खरेदीची पावती, साहेब जागेवर नाही, उद्या या, गाडी दाखवायला आणा. पंचेचाळीसच्या वेगानं गाडी नाशिकला नेली आणि आणली. शेवटी आरसी बुकात नवीन इंजिन नंबर आला, इंधनापुढं डिझेल आलं आणि त्यावर गोल शिक्का. लोक त्यांना म्हणाले, नाना, कोण बघतंय हो? गावातच तर फिरवायची. नाना काही बोलले नाहीत. ते फार बोलणारे नव्हते. त्यांनी एक लांबट वही केली होती; तिच्यात तारीख, काय काढलं, काय घातलं, कोणी केलं, किती पैसे लागले, सगळं लिहिलेलं. पहिल्या पानावर हरिकेनचा नंबरसुद्धा आहे, ते विकलं कोणाला त्यासकट.

बाकडी त्याच काळातली. पेशंट आडवा झोपवता यावा म्हणून डावं बाकडं लांब केलेलं. साप चावलेला, अडलेली बाई, विहिरीत पडलेला, बैलानं मारलेला, सगळे त्या बाकड्यावरून मालेगावला गेले. काही परत आले, काही नाही. गावात एक आजी आहेत, जीप दिसली की बोनेटवर हात ठेवून सुनेला सांगतात, "मी जित्ती शे ती या जीपमुये." नाना पैसे घ्यायचे नाहीत, डिझेल कोणी टाकलं तर नको म्हणायचे नाहीत.

तर ही झाली हिची हकिकत. आता पुढचं.

दोन वर्षांपूर्वी तेल्यानं माझी डाळिंबाची बाग गेली. तेल्या ज्याच्या बागेत आलाय त्याला सांगायला नको. फळ तडकतं, काळे डाग पडतात आणि व्यापारी गाडीतून उतरतसुद्धा नाही. झाडं उपटून जागेवर मका केला. कर्ज डोक्यावर होतंच. त्या दिवसांत एका मोठ्या शहरातला जुन्या गाड्या नव्या करून विकणारा माणूस आला. गाडी जशी आहे तशी अडीच लाख म्हणाला. आणि म्हणाला, माझ्याकडं द्या, मी ओरिजिनल करतो, माझ्याकडं गिऱ्हाईक तयार आहे, तुम्हाला सहा लाख देतो. म्हणजे काय करणार? तर भंगारातून एक हरिकेन आणणार. त्यावरचा नंबर घासून आमच्या जुन्या हरिकेनचा नंबर ठोकणार. तो नंबर त्याला नानांच्या वहीत मिळाला होता, ती मीच त्याला चहा पिताना दाखवली होती. बाकडी कापणार, मेटॅडोरचा रेडिएटर, कोठीवाल्याचा मडगार्ड काढणार, पंजाबातून नवीन बॉडी आणणार. तिकडं जीपच्या बॉडी अजून बनतात, मंडी डबवालीला तर जीपचा बाजारच आहे. आणि पुस्तकाचं काय? "पुस्तकाचं माझ्यावर सोडा."

साडेतीन लाखांचा फरक. माझ्या घरात तेव्हा साडेतीन लाख म्हणजे सोसायटीचं कर्ज फिटून वर बियाणं. जावई शिकलेले आहेत, ते म्हणाले, "मामा, घेणारा खूश, देणारा खूश. यात नुकसान कोणाचं?" हा प्रश्न मला आवडला, कारण तो खरा प्रश्न आहे आणि त्याला नुसतं "पाप लागेल" म्हणून उडवता येत नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. पाणी भरताना दुसरं काम तरी काय असतं!

आमचे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. बाबासाहेबांनी 1950 साली काढलेलं ते कॉलेज, आणि त्याचं नाव ज्या मिलिंद राजावरून आहे त्याची एक गोष्ट गुरुजींनी मला सांगितली. राजा नागसेन भिक्खूकडं रथात बसून आला. नागसेनानं विचारलं, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मंग तू आलास कशातून? शेवटी असं निघतं की रथ म्हणून वेगळी काही चीज नाही; हे सगळे भाग एकत्र जुळले म्हणजे त्यांना आपण रथ म्हणतो.

हे मला पटलं, कारण आमच्या बैलगाडीचं तेच होतं. आख बदलला, तुंबा बदलला, आरे दर दोन-तीन वर्षांनी कोणते ना कोणते बदलायचे, धाव तापवून पुन्हा चढवायची. सुतार आणि लोहार आजोबांच्या काळापासून तिला हात लावत आलेले. ती आजोबांचीच गाडी म्हणायचो. कोणी शहाण्यानं येऊन म्हटलं नाही की ही ओरिजिनल नाही. पण नागसेनाच्या गोष्टीत मला एक गोष्ट कमी वाटते, आणि हे मी गुरुजींनाही बोललो. भागांची चौकशी झाली, पण रथातून आजवर कोण कोण गेलं आणि कुठं गेलं याची झाली नाही. आमच्यासारख्याला वस्तू ओळखू येते ती तिनं केलेल्या कामावरून. गुरुजी म्हणाले, तो प्रश्न तिथं नव्हताच. असेल तसं. माझ्या खळ्यात तो आहे.

म्हणून जावईबापूंना मी असं म्हणालो. बदल करायला माझी हरकत नाही. कोणी हरिकेन आणावं, उघडपणे बसवावं, आरटीओत पुस्तकावर चढवावं आणि घेणाऱ्याला सांगावं की मूळचं इंजिन विकलं गेलं, हे त्याच जातीचं दुसरं आहे. तीही एक चांगली दुरुस्ती झाली. हे मी त्या माणसाला बोललो. तो म्हणाला, तसं सांगितलं तर तुमचे तीन लाखसुद्धा होणार नाहीत. म्हणजे बघा, जास्तीचे पैसे इंजिनाचे नव्हतेच. ते न सांगण्याचे होते.

नुकसान कोणाचं, तर एक नाही. आज घेणारा खूश आहे, पण तो उद्या कोणाला तरी विकेल आणि त्या तिसऱ्याला कळेल किंवा कळणारही नाही. दुसरं म्हणजे नंबर ठोकण्याचा जो छाप आणि हातोडा माझ्या जीपसाठी चालला तोच चोरीच्या जीपसाठी चालतो. नंबर असतो कशाला? कोणाची वस्तू कोणाकडं गेली ते सापडावं म्हणून. कागद एका गाडीचा आणि गाडी दुसरीच, असले धंदे होतातच. आपण त्या लोहाराला काम दिलं तर आपण त्याच्या गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिलो. आणि तिसरं, नाशिकच्या चार फेऱ्या. त्या पुस्तकातला शिक्का पुसायचा म्हणजे नाना गेलेच नव्हते असं म्हणायचं. मेलेल्या माणसाला हे कळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला तर कळतं.

उस्ताद आता थकलेत, दुकान पोरगा चालवतो. त्यांना हे सगळं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "भाऊ, इंजन बदलना गुनाह नहीं. नंबर घिसना गुनाह है."

मालेगावचं नाव सिनेमातही झालंय. शेख नासिर आणि त्यांच्या दोस्तांनी व्हिडिओवर 'मालेगाव के शोले' काढला, पुढं सुपरमॅन काढला. त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी केलेली फिल्म परदेशातही बघितली गेली. मोठ्या सिनेमाची नक्कल म्हणून कोणी हसेल. पण नावातच त्यांनी सांगून टाकलंय की हा मालेगावचा आहे. मुंबईचा शोले म्हणून त्यांनी तो कोणाला विकला नाही. आमची जीप त्यांच्याच वंशातली आहे, असं मला वाटतं.

इथं लेख संपवता आला असता, पण मंग धाकट्यानं जीप हातात घेतली आणि प्रश्न माझ्याकडंच वळला. तो आयटीआय झालाय, जीप त्यानं घरीच सगळी सोडली. बॉडी उतरवली, चेसिस घासून रेड ऑक्साईड मारला, किंगपिन, बुश, व्हील सिलिंडर सगळं नवीन. वर्षभर खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्याची आई रोज एक बोल्ट झाडूनं बाहेर काढायची. त्यानं मला यादी दाखवली. मोठाले रुंद टायर, टपावर लाइटची पट्टी, ब्रेकची दुहेरी लाइन, पुढच्या तोंडाच्या सीट, सीटबेल्ट. बाकडी काढायची.

मी म्हणालो, बाकडी नाही.

तो म्हणाला, "आबा, नानांनी कंपनीची गाडी बदलली ते बरोबर. मी नानांची गाडी बदलली ते चूक कसं?"

याला उत्तर नाही. असतं तर मी दिलं असतं. नानांनी बदल केला तो त्यांच्या गरजेसाठी. गरज तर सगळ्यांना असते. नानांपाशी जीप थांबवून ठेवायची म्हणजे त्या शहरातल्या माणसासारखंच झालं. तो कंपनीपाशी थांबवत होता, मी नानांपाशी. फक्त माझं ओरिजिनल वेगळं.

मंग आम्ही एकेक कलम घेऊन बसलो. ब्रेकचं मी ताबडतोब मान्य केलं. जुन्या जीपला ब्रेक ऑइलची एकच लाइन, कुठंही एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. नानांच्या वेळी घाटात नसायचे एवढे ट्रक आता आमच्या गल्लीत असतात. मोठ्या टायरला मी विरोध केला आणि अजूनही आहे. या गाडीचा मूळचा टायर सहाशे-सोळा, अरुंद. रुंद आणि उंच टायर लावला की गाडीचा तोल वर जातो, वळणावर कलंडते, ब्रेक लांबवर लागतो, आसांवर ताण येतो, आणि चिखलात म्हणाल तर आमच्या काळ्या मातीत अरुंद टायर खाली कडक जमिनीपर्यंत जातो, रुंद वरच लोळतो. लाइटची पट्टीही नाही म्हणालो. समोरून मोटरसायकलवर दुधाचा कॅन घेऊन येणाऱ्याला काय दिसणार? गाडी आपली असली तरी रस्ता आपल्या सातबाऱ्यावर नाही. कायद्याचंही तेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्या रचनेत मनानं फरक करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात ते ठणकावून सांगितलंय. इंजिन बदलायचं तर परवानगी घेऊन बदलता येतं, नानांनी घेतली तशी. म्हणून धाकट्याला अट घातली की जे बदलशील ते आधी आरटीओत विचार. आता नाशिकला जावं लागत नाही, मालेगावचंच एमएच 41 आहे. नोंदणीचं नूतनीकरण मात्र महागलं. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला 2022 साली सहाशेचे पाच हजार झाले होते.

राहिली बाकडी. त्यांचं तो म्हणाला ते खरं होतं. बाजूच्या तोंडाच्या बाकड्याला बेल्ट लागत नाही, गाडी धडकली तर बसलेला माणूस थेट पुढं जातो. आणि आता गावातून पेशंट न्यायला 108 ची गाडी येते. त्या आजींना मी हे बोललो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मंग म्हणाल्या, काढ बाबा, पोरांची हाडं महत्त्वाची. त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं.

धाकट्यानं कटर लावला नाही. नानांनी खाली आठ बोल्ट मारले होते, ते दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवून पान्यानं सोडले. सहा निघाले, दोन तुटले. बाकडी माळ्यावर आहेत. नानांच्या वहीची शेवटची पानं कोरी होती, त्यावर आता त्याचं अक्षर आहे: ब्रेकचा मास्टर सिलिंडर, तारीख, रुपये, बाकडी काढली, आठ बोल्टपैकी दोन तुटले. माणूस परत आला होता, गेल्या महिन्यात. वही दाखवली, पहिल्या पानापासून. तीन लाख म्हणाला. सध्या क्लच प्लेट मिळत नाहीये, तिच्यावाचून काम अडलंय.